फौजदारचा घास

देऊळघाटच्या त्या गल्लीत गॅसची गाडी शिरली, की तिची पहिली गाठ फौजदारशी पडते. पांढराशुभ्र, मांजरापेक्षा जरासाच मोठा, पिंजलेल्या कापसासारखं अंग आणि कोल्ह्यासारखं तोंड. पण रस्त्याच्या मधोमध असा उभा राहतो, की ड्रायव्हर खाली उतरून म्हणतो, "सिंधूताई, तुमच्या साहेबाले बाजूले घ्या न जरा!"

पामेरियन जात. सिंधूताईंचा मुलगा प्रसेनजित याने नागपूरहून आणून दिलेला. "आई, तू रिटायर झाली, घरी एकटीच. तुले सोबत होईल." सिंधूताई भडकल्या होत्या. सारी नोकरी अंगणवाडीत गेली, गल्लीतली निम्मी लेकरं त्यांच्या हातची खिचडी खाऊन मोठी झाली, त्यांना सोबत कसली?

पण फौजदारने त्यांना विचारलंच नाही. त्याने माणूस निवडलं आणि विषय संपवला. बाई न्हाणीत गेली तर हा दाराशी बसून कण्हणार. अनोळखी दिसला की अंगाच्या चौपट भुंकणार, ओळख पटली की त्याच माणसाच्या पायावर बूड टेकून बसणार. सिंधूताई एक दिवसाआड त्याचे केस विंचरू लागल्या, नाहीतर काखेत गाठी धरत. उन्हाळ्यात त्याला भादरायला निघाल्या तेव्हा बुलढाण्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी अडवलं. म्हणाले, "केस राहू द्या. उन्हापासून तेच त्याला सांभाळतात. सावली अन् पाणी तेवढं बघा."

त्याच डॉक्टरांकडे या हिवाळ्यात पुन्हा जावं लागलं. फौजदार मागचा उजवा पाय उचलून तीन पायांवर उड्या मारत चालू लागला होता.

डॉक्टरांनी गुडघा चाचपला. "वाटी सरकते हो याची. लहान जातीत असतं हे. पण हा फुगलाय किती! वजन उतरलं तर पाय राहील. नाही उतरलं तर ऑपरेशन, अन् ते इथं होत नाही. याला खाटेवरून उड्या मारू देऊ नका. खातो काय?"

"मी त मोजूनच देते. भात, उकडलेली कोंबडी, दुधी."

"मग बाकीचं कोण देतं?"

सिंधूताईंनी फौजदारला उचललं. घरी आल्या, बाजेपाशी विटांच्या दोन पायऱ्या रचल्या, फौजदारला मोकळा सोडला आणि त्याच्या मागं मागं चालू लागल्या. आधी पुंजाजीच्या हॉटेलात भजं. मग जनकाबाईच्या दारी तूप लावलेली पोळी. मग अजीजुन्निसाचा ओटा. ती त्याला घरात येऊ देत नसे, आत नमाजाची जागा. पण ओट्यावर त्याची वेगळी ॲल्युमिनियमची ताटली होती, आणि त्या ताटलीत चहात बुडवलेले टोस्ट.

दुसऱ्या दिवशी सिंधूताई पदर खोचून निघाल्या. लसीच्या दिवशी निघायच्या तशाच.

"याले कोणी काही देऊ नका. याचा पाय चालला."

पुंजाजी हसला. "बाई, जिंदगीभर आमच्या लेकरायचं वजन वाढवलं, अन् आता कुत्र्याचं उतरवता?"

"हाव. अन् तुहंबी उतरवीन, जास्त बोलशीन तर."

जनकाबाईही कुरकुरत का होईना, कबूल झाली. राहिली अजीजुन्निसा. तिने ऐकून घेतलं, ताटली उचलली, पालथी घातली.

"समजली मी. माह्या हातचं चालत नाई म्हण न."

"तसं नाई वं..."

"मंग कसं?"

 'हातचं चालत नाही' हे सिंधूताईंनी स्वतःबद्दल दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं होतं. अंगणवाडी नवी होती तेव्हा बौद्धवाड्यातल्या बाईने शिजवलेली खिचडी म्हणून काही घरांनी लेकरं पाठवणं बंद केलं होतं. त्या वेळी ही अजीजुन्निसा दोन्ही लेकरांना बखोटीला धरून आली होती. पातेल्यात डाव घालून, साऱ्या गल्लीदेखत पहिला घास तिने स्वतः खाल्ला होता. "मीठ कमी हाये," एवढंच बोलली होती. अशा बाईला आज हे सांगायचं, की तू देऊ नको?

पण पायही जात होता. घास चालू ठेवला तर कुत्रा लंगडा, थांबवला तर मैत्रीण तुटलेली. आणि सिंधूताईंना दोन्ही पाहिजे होते.

त्यांनी फौजदारला बांधून पाहिलं. तो पंजांवर तोंड टाकून पडला, त्यांच्या हातचंही खाईना. या जातीला माणसं लागतात. माणसं तोडली की ती अन्न सोडते. दिवसभर अजीजुन्निसाच्या घराकडं तोंड करून तो कण्हत राहिला. तिकडं ओट्यावर ताटली पालथीच होती.

सकाळी सिंधूताईंनी भात शिजवला, कोंबडी उकडली, दुधी मिसळला. फौजदारचं दिवसाचं सगळं खाणं ताटात काढलं आणि त्याकडं बघत बसल्या. अशक्त लेकराच्या आयांना त्या काय सांगायच्या? एकदम पोटभर नको, थोडं थोडं, पण दिवसातून बऱ्याच वेळा. त्या उठल्या. रिकाम्या डब्या काढल्या, घासून पुसून ताटातलं सगळं त्यांत वाटून टाकलं. स्वतःच्या घरी कणही ठेवला नाही.

एक डबी पुंजाजीला, एक जनकाबाईला. सगळ्यांत मोठी घेऊन संध्याकाळी त्या अजीजुन्निसाच्या ओट्यावर चढल्या.

"हे फौजदारचं संध्याकाळचं. कोंबडी वहाबभाईच्या दुकानातली, हलालचीच हाये, बिनघोर हात लाव. माह्या घरी आज त्याले काही नाई. तू देशीन तरच थो खाईन, नाई त उपाशी झोपीन."

अजीजुन्निसाने डबीकडं पाहिलं. "म्हणजे खाणं तुहं अन् हात माहा?"

"हात तुहाच पाह्यजे. मी दिलं तरी खाऊन नाई राह्यला थो."

"लय हट्टी हायेस वं सिंधू."

"हट्टाशिवाय तुह्या पोराले पोलिओ पाजला असता का मी? बाजेखाली लपून बसला होता थो आसिम."

अजीजुन्निसा हसू दाबत उठली. ताटली सरळ केली, धुतली, डबी उघडली. "अन् टोस्ट? माह्यानं एकटीनं चहा होत नाई."

"टोस्ट मले दे."

फौजदारला सोडलं. तो तीन पायांवरच आला, पण आला, आणि ताटली चाटून साफ केली. सिंधूताई ओट्यावर मांडी घालून बसल्या. अजीजुन्निसाने चहात बुडवून टोस्ट त्यांच्या हातावर ठेवला.

तेव्हापासून तेच चालू आहे. घास घ्यायला फौजदारला पूर्ण गल्ली फिरावी लागते, हा त्याचा व्यायाम. अधूनमधून अंगणवाडीत वजन. आताची सेविका सुवर्णा लेकरांचा लटकता काटा देते, झोळी मात्र सिंधूताई घरून नेतात. पहिल्या वेळी फौजदारने झोळीतून साऱ्या अंगणवाडीवर भुंकून घेतलं होतं.

परवा काटा पुन्हा खाली आला. झोळीतून उतरला तसा फौजदार दाराकडं चालू लागला. उजवा पाय फरशीवर टेकला, उचलला, परत टेकला. मग चारही पायांवर, शेपटीचा तुरा वर करून, बाहेर. सिंधूताईंनी पदराने डोळे टिपले.

अजीजुन्निसा दारातच उभी होती. तिने आधी कुत्र्याकडं पाहिलं, मग सिंधूताईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सुवर्णा, काटा उचलून ठेवू नको," ती म्हणाली. "टोस्ट कोनाच्या अंगाले लागून राह्यले, थे बी पाहू."