वकीलबाईंच्या गाडीची कड

गॅरेजवर पाटी भलत्याच नावाची होती, पण लोक एकमेकांना सांगायचे, "चाकं बदलायचीत ना? मग मापकाकांकडे जा." चहाचा कप टेबलाच्या कडेपासून किती आत आहे, हेसुद्धा काका बोट लावून बघायचे. काकू हसत सांगायच्या, "पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा माझ्याकडे बघितलंच नाही. आमचं दार खालून घासतंय, ते सांगून गेले."

गॅरेजात काकांच्या जोडीला काकूंचा धाकटा भाऊ होता. अकरा वर्षं तो फोन, ऑर्डरी, गिऱ्हाईक सांभाळत होता. त्याची जीभ गोड. काकांना बोलायचा कंटाळा आणि मेहुण्याला गप्प बसायचा, त्यामुळे दोघांचं छान जमायचं. काकांचा एकच दोष होता. कामात चूक दिसली की ते समोर कोण उभं आहे ते बघत नसत, तिथल्या तिथे बोलायचे. एकदा उलट्या बाजूला लावलेल्या टायरवरून त्यांनी मेहुण्याला चार गिऱ्हाइकांसमोर असं सुनावलं, की बिचारा दोन दिवस जेवायला घरी आला नाही.

वकीलबाई आल्या त्या त्यांच्या बुटक्या लाल स्पोर्ट्स कारमधून. दोन दारं, दोन सीटा, वय पस्तीस. बाईंनी ती पहिल्या मोठ्या खटल्यानंतर घेतली होती. आता ओल्या वळणावर गाडीची शेपटी सरकायची.

"मला वेग नकोय हो, पकड हवीय," बाई म्हणाल्या. "रुंद टायर बसवा. पण कापाकापी चालणार नाही. माझ्या अंगावर तीन ऑपरेशनं झालीत, या गाडीवर एकही नाही. कारखान्यातून आला तोच पत्रा आहे."

"पत्र्याला हात लागणार नाही," काका म्हणाले. "माझा शब्द."

मग त्यांची नेहमीची पद्धत सुरू झाली. मडगार्डच्या आतल्या बाजूला ते मुलांच्या खेळण्यातल्या मऊ मातीच्या वळकट्या चिकटवत. काकूंना घरातून बोलावून शेजारच्या सीटवर बसवत, कारण रिकाम्या गाडीचं माप खोटं असतं. स्वतः गाडी खड्ड्यांवरून फिरवून आणत. माती जिथे दबेल तिथे टायर लागणार, हा हिशोब. काकू अशा किती गाड्यांत बसल्या असतील देव जाणे. "बायकोला फिरायला नेतात ते असं," त्या म्हणायच्या, "वजन म्हणून."

या वेळी तर उतरल्यावर माती त्यांनीच वाकून बघितली. "मागे जागा कमी आहे हो. एक बोटच सुटतंय."

"बरोब्बर!" काका खूश झाले. साडेपाच इंची चाकाच्या जागी सात इंची बसणार होतं, पण एका अटीवर. चाक गाडीत किती आत बसेल ते ठरवणारा एक आकडा असतो, तो पस्तीसच हवा. काकांनी तो कागदावर लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि कागद मेहुण्याच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दोन वर्षं ते निम्मं काम बोटांनीच करत होते. डॉक्टरांनी बजावलं, दहा दिवस वाकायचं नाही, गॅरेजकडे फिरकायचं नाही. चाकं आली, बसवलीसुद्धा, असं मेहुण्याने घरी येऊन सांगितलं. काकांनी विचारलं, "माझ्या मापाने ना?" तो म्हणाला, "भाऊजी, तुमच्याच मापाने. आराम करा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. "गाडी ऐटीत दिसतेय. पण खरं सांगा, कुठे कापावं लागलं नाही ना?"

काकांनी फोनवर हात ठेवला. काकू समोरच शेंगा सोलत होत्या. "अगं, तू गेली होतीस ना डबा घेऊन? पत्र्याला काही केलं नाही ना त्याने?"

काकूंनी नकारार्थी मान हलवली.

"बाई, पत्रा शाबूत आहे," काका फोनवर म्हणाले. "माझ्या घरचं माणूस बघून आलंय."

नवी चाकं बसवली की पन्नासेक किलोमीटर चालवून गाडी परत आणायची आणि नट पुन्हा आवळून घ्यायचे, हा गॅरेजचा दंडक होता. वकीलबाई त्यासाठी आल्या आणि नेमके त्याच सकाळी काका, दहा दिवस पुरे व्हायच्या आधीच, ऑपरेशननंतर पहिल्यांदा कामावर आले होते. मेहुणा लगबगीने पुढे झाला. "भाऊजी, तुम्ही बसा. नट काय, मी आवळतो."

"नट आवळायला वाकावं लागत नाही फारसं," म्हणत काका गाडीच्या मागे गेले आणि तिथेच थबकले. नव्या डोळ्याला सगळं लख्ख दिसत होतं. टायर मडगार्डच्या आत एक बोट असायला हवा होता. तो पत्र्याच्या रेषेत आला होता. इतकं बाहेर आलेलं चाक घासत कसं नाही?

डॉक्टरांचं बोलणं विसरून ते उकिडवे बसले आणि मडगार्डच्या आतून बोट फिरवलं. तिथे पत्र्याची दुमडलेली कड असते. बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा त्या कडेवरच एकमेकांना धरून असतात. कड नव्हतीच. हाताला पुट्टीचे खडबडीत गोळे लागले, आणि बोट बाहेर काढलं तर कच्च्या रंगाने काळं झालं होतं. दुसऱ्या बाजूलाही तेच.

बाई बाहेर खुर्चीवर पेपर वाचत होत्या. काकांनी मेहुण्याला आत नेलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "ग्राइंडर चालवलास?"

मेहुण्याने आधी इकडेतिकडे बघितलं. मग म्हणाला, "पस्तीसमध्ये चाकाचं चांगलं डिझाइन नव्हतं. पंधरामध्ये होतं, फार देखणं. मला वाटलं, वीस मिलिमीटरने काय आभाळ कोसळणार?"

"घासलं, तेव्हा परत का नाही पाठवलंस?"

"आणि तुम्हाला काय सांगणार होतो? परत चार लोकांत माझी शोभा करून घेऊ?" त्याचा आवाज चढला. "ताई म्हणाली, राहू दे, आतली बाजू कोण बघतंय. त्यांच्या डोळ्याला आता त्रास नको."

"ताई म्हणाली?"

"ती समोरच होती की. तिनेच तर रंग लावताना बॅटरी धरली."

काका स्टुलावर बसले. मेहुण्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. तो घाबरला, त्याने झाकलं, असं माणसं करतात. पण माती दबलेली बघून "एक बोटच सुटतंय" म्हणणारी ती. ती कड कशाला असते, हे त्यांच्यानंतर जगात कुणाला ठाऊक असेल तर तिला. तिने बॅटरी धरली, आणि मग घरी येऊन शेंगा सोलत मान हलवली.

ते उठले आणि बाहेर गेले.

"बाई, मी फोनवर तुम्हाला खोटं सांगितलं. मागची कड दोन्ही बाजूंनी कापलीय."

वकीलबाईंनी पेपराची घडी केली. "तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं."

"मग खोटं तुम्ही नाही बोललात. कोण बोललं?"

काकांनी गाडीकडे बघितलं. "सांगणारा मी होतो. माझंच धरा."

बाईंनी कोर्टात बघत असतील तसं त्यांच्याकडे बघितलं, पुढे विचारलं नाही. म्हणाल्या, "चाकं काढा. माझी जुनी लावा." काकांनी एकट्याने जुनी अरुंद चाकं चढवली, कापलेल्या जागेवर गंज चढू नये म्हणून लेप दिला. नवा पत्रा जोडून देईन, असंही म्हणाले. "जोड देता येईल," बाई म्हणाल्या, "पण तो पत्रा परत येणार नाही ना." आणि निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी घरी काकूंनी ताट वाढलं. मेहुण्याचा फोन आधीच आलेला दिसत होता.

"बोला की काहीतरी," शेवटी त्याच म्हणाल्या. "धाकटा भाऊ आहे माझा. तुम्ही त्याला फाडून खाल्लं असतंत. डोळ्याला पट्टी, त्यात डोक्याला ताप कशाला, म्हणून..."

"त्याला खाल्लं असतं, हे खरं आहे," काका म्हणाले. "तो माझा दोष. पण मी त्याला नव्हतं विचारलं. मी तुला विचारलं होतं."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "चुकलं माझं." ते त्यांनी मनापासून म्हटलं, हे काकांना कळलं. त्यांनी मान डोलावली, भातही संपवला.

जेवणं झाल्यावर काकू हात पुसत बाहेर आल्या. "गॅस बंद केलाय. पडा जरा."

काका आडवे झाले. छताकडे बघत राहिले. मग उठले, स्वयंपाकघरात गेले आणि गॅसचं बटण बोटाने चाचपून आले. बंदच होतं. वळले तर काकू दारात उभ्या होत्या.