पडद्याकडे पाठ

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या आमच्या बोळात निम्म्या घरांच्या टीव्हीवर चित्र आणलं ते अँटेनाचाचांनी, पण चाचांना टीव्ही बघताना कुणी पाहिलं असेल असं मला वाटत नाही. त्यांची कामाची पद्धतच तशी होती. टीव्ही उचलून घराच्या उंबऱ्यावर ठेवायला लावायचे, तोंड बोळाकडे. बघणाऱ्याला बाहेर फरशीवर बसवायचे आणि स्वतः पत्र्यावर चढून अँटेनाचा पाइप दोन्ही हातांनी धरायचे. वरून त्यांना दिसायचं ते फक्त बघणाऱ्याचं तोंड. पाइप एवढासा फिरवायचा, तोंड बघायचं, पुन्हा एवढासा फिरवायचा. "चित्र क्या देखना," ते म्हणायचे. "माणूस 'आलं आलं' म्हणतंय, खोटं बोलतंय. तोंड खोटं बोलत नाय."

समोर बसणार कोण, हेही तेच ठरवत. घरातल्या कर्त्या पुरुषाला तर ते कधीच बसवत नसत, कारण त्याला कामावर जायची घाई असते आणि पडद्यावर मुंग्या नाचत असल्या तरी तो "बास, झकास" म्हणून मोकळा होतो. आमच्या शेजारी एक टेलर राहायचे. ते एकदा ऐटीत खुर्ची घेऊन बसले, तर चाचांनी वरूनच त्यांना उठवलं. "तुमको बातम्या पायजेत, त्या रेडिओवर पण येतात. अम्माला बसवा." टेलरच्या म्हाताऱ्या आईला ऐकू येत नसे. तिला टीव्ही म्हणजे फक्त चित्र. त्या दिवशी अम्मांच्या चेहऱ्यावरची आठी जाईपर्यंत चाचा पत्र्यावरून उतरले नाहीत आणि खाली टेलरची दुकान उघडायची वेळ टळून गेली.

नम्रपणा मात्र चाचांच्या जवळून गेला नव्हता. रस्त्याने चालताना ते बोट वर करून अँटेना दाखवत जायचे: ही माझी, ती माझी, ती वाकडी दिसते ना, ती माझी नाही. लग्नाच्या मांडवात बसले तरी मान वर. हसीनाचाची म्हणायच्या, "माझं तोंड कधी नीट बघितलं नाय या माणसानं, सगळ्या गावाची बघितली." चाचांना यात तक्रार दिसतच नसे. उलट खूश होत.

पुढे केबल आली, मग छपरांवर डिशच्या थाळ्या आल्या आणि चाचांच्या काड्यांच्या अँटेना एकेक करून भंगारात गेल्या. दुसरा कुणी असता तर खचला असता. चाचांनी माढ्याच्या बाजूला, उजनीच्या पाण्यावर, मेहुण्याची जुनी बोट चालवायला घेतली. शनिवार-रविवारी लोक रोहित पक्षी बघायला यायचे. पत्र्याचं छप्पर, दोन्ही बाजूंना बाकडी, मागे डिझेलचं इंजिन आणि पुढे चाचा, डोक्यावर कसलीशी निळी टोपी. गच्चीवरून पाण्यावर आलो, असं ते बढतीची बातमी सांगावी तसं सांगत.

या बोटीत माझी आई आली ती भाकऱ्यांमुळे. आठवडाभर ती विड्या वळायची आणि रविवारी चाचांच्या टेम्पोतून, मोहोळ मागे टाकून, बोटीवरच्या पाहुण्यांचा स्वयंपाक करायला जायची. पिठलं, शेंगाचटणी, चिलापी माशाचं कालवण. तिच्या हाताला चव होती आणि तिच्या जिभेला धार. मी तेव्हा खोखो खेळायचे, चांगलं खेळायचे, पण सामने नेमके रविवारी आणि तेही परगावी. त्यामुळे आईने मला कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. तिला दिसायचे ते फुटलेले गुडघे आणि मातीने माखलेले कपडे. बारावी झाल्यावर तिने सांगून टाकलं, "ह्या वर्सापुरतं खेळ. मग बास. पळून पळून कुटं पोचनार हाईस तू?" मी रडले, भांडले, दोन जेवणं टाकली. आई हलली नाही.

आमच्या संघाने राज्याच्या अंतिम फेरीत धडक मारली. सामना रविवारी दुपारी होता आणि सरकारी वाहिनी तो थेट दाखवणार होती. सगळ्या बोळात ही बातमी सर्वांत आधी कळली चाचांना आणि ते तडक आईकडे आले.

"ताई, एकदा बघ. मग काय बोलायचं ते बोल."

"कशी बगू? त्याच दिवशी बोटीवर मानसं हायत की. तुमीच शब्द दिलाय त्यास्नी."

"शब्द दिलाय तर बोट जाणार. पोरगी टीव्हीवर येणार तर टीव्ही पण बोटीवर येणार."

बोलायला सोपं होतं. चाचांनी आधी बोटीवर डिश बसवून पाहिली. आता, डिशची थाळी आभाळातल्या एकाच जागेकडे टक लावून बसते. घर हलत नाही म्हणून तिचं निभतं. पाण्यावर बोट जरा डुलली की चित्र जागच्या जागी थिजायचं. चाचा एक अख्खा दिवस त्या थाळीशी भांडले आणि शेवटी तिला उतरवून चाचींना देऊन टाकली. चाचींनी तीत पापड वाळत घातले.

मग त्यांना आपल्या जुन्या अँटेनांची आठवण झाली; सरकारी वाहिनी त्यांच्यावर अजून येत होती. टेलरच्या पत्र्यावर एक अजून उभी होती, कावळ्यांच्या सोयीसाठी. ती त्यांनी उतरवली, प्रत्येक काडी घासूनपुसून लख्ख केली. बोटीवर ती पत्र्याच्या छपराला लागून बसवली तेव्हा पडद्यावर एका माणसाच्या मागे त्याची तीन भुतं दिसायला लागली. पत्रा सिग्नलला धक्के मारतो, हे चाचांनी पुन्हा पत्र्यालाच शिव्या देत सांगितलं. म्हणून उंच बांबू आणला. वायर लांबलचक होती, ती कापून आखूड केली. वायरीच्या जोडात पाणी गेलं की चित्र मरतं, तेव्हा त्या जोडांवर सायकलची ट्यूब कापून घट्ट गुंडाळली. बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा छोटा टीव्ही कुठून तरी पैदा केला. किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत चित्र असं स्वच्छ आलं की चाचांनी येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारून तोंडं दाखवायला बसवलं.

आतमध्ये, पाण्याच्या मधोमध गेल्यावर मात्र बोट वाऱ्याने फिरायची. नांगर एका जागी आणि बोट त्याच्याभोवती, खुंट्याला बांधलेल्या म्हशीसारखी. टीव्हीचा टॉवर होता आग्नेयेकडच्या एका गावात. बोट फिरली की अँटेना भलतीकडेच बघायची. त्यावरही चाचांनी उपाय काढला, पुढे एक नांगर आणि मागे एक. दोन्हीकडून बांधली की बोट हलत नसे. "आता वाऱ्याचा बाप आला तरी फिरत नाय," असं ते घरोघरी सांगून आले.

सामन्याच्या दिवशी मी तिथे नव्हते. मी पडद्यावर होते. पुढचं सगळं मला आईने, चाचींनी आणि चाचांनी वेगवेगळं सांगितलंय आणि तिघांचं जिथे जुळतं तेवढंच मी इथे लिहिते आहे.

पाहुणे सोलापूरचेच होते, एक मोठं कुटुंब, सोबत दुर्बिणी वगैरे. रोहित पक्ष्यांचा मोठा थवा उथळ पाण्यात उभा होता. चाचांनी लांबूनच इंजिन बंद केलं, बोट हळूच सरकत नेली आणि पुढचा नांगर सोडला. मागचा सोडायला उचलला तर पाहुण्यांतल्या आजोबांनी हात जोडले. अहो, पुन्हा धप्प आवाज झाला तर सगळे उडून जातील. पाहुण्यांना पक्षी दाखवायचे हाही शब्दच होता. चाचांनी नांगर खाली ठेवला. तेवढ्यात वारा उठला आणि बोट फिरायला लागली.

 चाचांनी बांबूची दोरी सोडली, बोटीच्या मागच्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि अँटेनासकट बांबू दोन्ही हातांनी धरला. टीव्ही बाकड्यावर ठेवायला लावला, स्वतःकडे त्याची पाठ. आईला त्याच्यासमोर बसवलं. हाताला पीठ तसंच. बोट डावीकडे गेली की चाचा बांबू उजवीकडे फिरवायचे. पक्षी उडू नयेत म्हणून सगळं कुजबुजत चाललं होतं.

"ताई, आलं का?"

"आलं."

"आता?"

"गेलं. गेलं की ओ. हां, आलं."

शेवटचा डाव आमच्या बचावाचा होता. आमच्याकडे थोडी आघाडी होती आणि माझ्या तुकडीतल्या दोघी बाद होऊन मैदानात मी एकटी उरले होते. शिट्टी वाजेपर्यंत मी बाद झाले नाही तर आम्ही जिंकणार होतो. आईला खोखोचे नियम ठाऊक नव्हते. आजोबांनी दुर्बीण बाजूला ठेवून तिला हळू आवाजात सांगितलं की तुमच्या मुलीला फक्त सापडायचं नाही. एवढं तिला कळलं. मग तिचं 'आलं' नि 'गेलं' बंद झालं.  सगळे पाहुणे तिच्या मागे येऊन उभे राहिले, पक्ष्यांकडे पाठ करून.

चाचांना आता सांगणारं कुणी नव्हतं. ते फक्त आईचं तोंड बघत राहिले. तिच्या कपाळाला आठी पडली की चित्र गेलं, आठी सुटली की आलं. मी खांबाला वळसा घातला की तिची मान वळायची, मी कुणाच्या हातातून निसटले की तिचा पदर दातात जायचा. मदतीला आलेल्या चाचींनी मध्येच विचारलं, हात दुखत असतील, मी धरू का? चाचांनी मान हलवून नाही म्हटलं. वारा वाढत होता, बोट फिरत होती आणि आईच्या समोरचं चित्र एकदाही पुरतं गेलं नाही.  माझ्या पायांची तारीफ पुष्कळांनी केली. त्या हातांची करायला तिथे कुणाला सवडच नव्हती.

शिट्टी वाजली तेव्हा माझी आई, जी सकाळपासून सगळ्यांना गप्प करत होती, ती उभी राहून अशी काही ओरडली की सबंध थवा एकदम उठला. आभाळ गुलाबी झालं म्हणे. पुढे कित्येक वर्षं चाचा कपाळावर हात मारून सांगायचे, "सगळे रोहित उडले. ते बघायलाच लोक आलते आणि एकानं पण बघितलं नाय."

 परत येताना टेम्पो मोहोळच्या पुढे आल्यावर आईने चाचांना एवढंच सांगितलं, "तिला न्हाय थांबवायची."

मी पदक घेऊन घरी आले ती आधी चाचांकडे गेले. खांद्याला चाचींनी कसलासा लेप लावला होता. मी विचारलं, "चाचा, कशी खेळले मी?"

"मला काय माहीत? मी कुठं बघितलं," चाचा म्हणाले. "पण तुझी आई बेटा, लई भारी बघत होती."

आज मी मोहोळच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. माझ्या पोरी मैदानात उतरल्या की मी त्यांच्याकडे बघायच्या आधी कडेला उभ्या असलेल्या आयांची तोंडं बघते. कुठल्या आईला अजून काही दिसलेलं नाही, ते लगेच कळतं. तिला हाताला धरून पुढे आणून उभी करते. ही विद्या मला कुठल्या प्रशिक्षणात मिळालेली नाही, चाचांची आहे, आणि हे मी अभिमानाने सांगते.

चाचा गेले ते गेल्या हिवाळ्यात. अखेरच्या दिवसांत ते अंथरुणाला खिळून होते. आमच्या त्या सामन्याचं चित्रण कुणीतरी नेटवर टाकलेलं मला सापडलं. आता तरी चाचांनी तो बघावा म्हणून आईला घेऊन मी त्यांच्याकडे गेले, मोबाईल सुरू करून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो धरला, क्षणभर विचार केला आणि उशाशी बसलेल्या आईकडे फिरवला. पडदा तिच्याकडे, पाठ स्वतःकडे. 

"ताई, आलं का?"

मोबाईलला दिशा लागत नाही, हे माझ्या आईला चांगलं माहीत आहे. तिने पडद्यावर मला बघितलं, मग चाचांकडे बघितलं.

"गेलं की ओ," ती म्हणाली. "जरा डावीकडं घ्या."

चाचांनी मनगट एवढंसं डावीकडे वळवलं आणि तिचं तोंड बघत राहिले.