शाळेच्या भिंतीतला दगड

आमच्या गावच्या शाळेच्या भिंतीत इंग्रजी अक्षरं कोरलेला एक दगड आहे. समोरच्या घरातल्या हौसाकाकी रोज सकाळी त्याला हळदकुंकू लावतात, झेंडूचं फूल वाहतात. आज मी कुंकू जरा बाजूला सारून ती अक्षरं वाचली. या गावची माणसं महायुद्धाला गेली, काही परतली नाहीत, एवढंच होतं. युद्ध कशावरून पेटलं ते लिहिलेलं नव्हतं. जाणाऱ्यांना तरी कुठं ठाऊक असेल?

"काकी, हा देव नाही. लढाईत गेलेली आपलीच माणसं आहेत."

काकींनी दगडावरून हात फिरवला.

"देवाला फूल पुरतं रं. आपली माणसं म्हणल्यावर जेवाय नको?"

थोड्या वेळानं त्यांच्या चुलीवरून भाकरीचा वास आला. इतक्या वर्षांनी ती माणसं घरी जेवणार होती. मलाही बरं वाटलं.