चेंबूरच्या हॉटेलात आत्या

आमच्या घरी आत्या सगळ्यांच्या शेवटी जेवायची. आधी वडील आणि भाऊ, मग आई आणि मी. आमची ताटं उचलून झाली, फरशी पुसून झाली, की ती उरलंसुरलं स्वतःच्या हाताने वाढून घ्यायची आणि भिंतीकडे तोंड करून बसायची. घाटकोपरला आमच्या दोन खोल्या होत्या, त्यामुळे बाहेरच्या खोलीतूनही ती जेवताना दिसायची. पण कोणी तिकडे पाहायचं नाही.

आत्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर वर्षभरात नवरा गेला, तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती. केस काढले, अंगावर आलवण आलं, आणि माहेरी आली ती कायमची. मला कळायला लागल्यापासून तेच तांबडं लुगडं आणि कपाळापर्यंत ओढलेला पदर मी पाहत आले. स्वयंपाक तिच्याकडे होता. कोणाला कढी आंबट लागते, कोणाला भात मोकळा लागतो, सगळं तिला पाठ. तिला काय आवडतं, हे मात्र मला कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

पन्नासनंतरची ती वर्षं. आमच्यासारख्या घरांतल्या मुली नोकरीला लागायला लागल्या होत्या. मलाही फोर्टात एका कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. तिथल्या मैत्रिणींबरोबर मी पहिल्यांदा हॉटेलात गेले, आणि घरी आल्यावर आत्याला सांगितलं. ती पडवळ चिरत होती.

"तिथे जाऊन आपण नुसतं बसायचं?" तिने विचारलं.

"हो. मग वेटर येतो. काय पाहिजे विचारतो."

"तुम्हां मुलींना विचारतो?"

"मग! आम्हीच खाणार ना."

ती चिरत राहिली. थोड्या वेळाने मान वर न करताच म्हणाली, "आणि तू काय सांगितलंस?"

त्यानंतर मी हॉटेलात जाऊन आले असं कळलं की तिचा हाच प्रश्न असायचा. आज काय विचारलंन त्याने, तू काय सांगितलंस. पदार्थ कसा झाला होता याची तिला फारशी उत्सुकता नसायची. तो तिला चवीच्या वर्णनावरून घरी करता आला असता.

मे महिन्यात चुलतभावाचं लग्न कोकणात निघालं. आई, वडील आणि भाऊ गेले. मला रजा नव्हती. आत्याला लग्नाला नेत नसत. तसं तोंडावर कोणी म्हणायचं नाही, तीच आधी म्हणायची, "मी कशाला, घर कोण सांभाळेल?" आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

आम्ही दोघीच उरलो. रविवारी सकाळी ती चूल पेटवायला बसली तेव्हा मी म्हटलं, "आत्या, आज राहू दे. आपण हॉटेलात जाऊ."

"वेड लागलंय का तुला?"

"काय झालं त्यात?"

"हे असं ध्यान घेऊन?" तिने आलवणाचा पदर चिमटीत धरून दाखवला. मग चुलीतली राख ओढायला लागली. मला वाटलं, विषय संपला. तर हात धुता धुता म्हणाली, "इथलं नको. इथे सगळे ओळखतात."

म्हणून आम्ही बसने चेंबूरला गेलो. तिकडे आमचं ओळखीचं कोणी नव्हतं. बसमध्ये ती माझा दंड घट्ट धरून बसली होती. उतरल्यावर स्टेशनजवळ एक मोठं हॉटेल दिसलं. आरसे, संगमरवरी टेबलं, वर पंखे. आम्ही आत पाऊल टाकलं आणि गल्ल्यावरच्या माणसाने हात आडवा केला.

"जागा नाही."

निम्मी टेबलं रिकामी होती. मी म्हटलं, "फॅमिली रूममध्ये बसतो."

"तीपण भरली."

त्या खोलीची दारं अर्धी उघडी होती, आत कोणी नव्हतं. एक वेटर खांद्यावर फडकं टाकून आमच्याकडे बघत होता. त्याने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघे हसले. गल्ल्यावरचा माणूस आवाज खाली आणून मला म्हणाला, "बाई, सकाळचा टाइम आहे. गिऱ्हाइकांना बरं वाटत नाही. काय हवं ते बांधून देतो, घरी जाऊन खा."

मी भांडणार होते. पण आत्याने माझा हात ओढला आणि आम्ही बाहेर आलो. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. "बघितलं हो हॉटेल," ती म्हणाली. "चल आता. घरी जाऊन पिठलं टाकते."

मला रडू येत होतं. बसचा थांबा दुसऱ्या बाजूला होता. आम्ही त्या रस्त्याने चालत निघालो आणि वाटेत ते दुसरं हॉटेल लागलं. एका बंगल्याच्या ओट्यावर पत्रे टाकून केलेलं, लहानसं, उडप्याचं. बाहेर एक उंच, काळासावळा, पिकल्या मिशांचा माणूस टेबलं पुसत होता. आम्ही आत जाणार नव्हतो. आत्या उन्हाने दमून नुसती सावलीला टेकली होती.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि हातातलं फडकं ठेवलं. "अम्मा, आत या ना. इथे बसा. इथे वारा येते."

आत्या म्हणाली, "नको, आम्ही जाणारच आहोत."

"बसा तर. पाणी घ्या."

खिडकीजवळचं टेबल होतं ते, रस्त्याच्या बाजूचं, सगळ्यांत पुढचं. त्याने ते आमच्यासमोर पुन्हा पुसलं. पेल्यांना हात लावण्याआधी नळावर जाऊन हात धुतले, पेले गरम पाण्याने विसळले, आणि हे सगळं आत्याला दिसेल असं उभं राहून केलं. पाणी ठेवताना पेला खालून धरला. गल्ल्यावर बसलेल्या मालकाने मान वर करून एकदा आमच्याकडे पाहिलं. वेटरने त्याला कानडीत काही सांगितलं, ते मला कळलं नाही. मालकाने मान हलवली आणि पुन्हा वर्तमानपत्र उघडलं.

आत्याने पाणी पाहिलं, पण पेला उचलला नाही. तिने हळूच विचारलं, "करणारा कोण आहे तुमच्याकडे?"

मी खाली बघितलं. तिचं सारं आयुष्य त्या सोवळ्यात गेलेलं, ती हे विचारणारच होती. तो माणूस मात्र जराही रागावला नाही.

"माझा मोठा भाऊ करते, अम्मा. सकाळी आंघोळ करून, देवाला दिवा लावून. मग चूल पेटवते."

आत्याने यावर विचार केला. मग पदराआडून हात काढला आणि पाणी प्यायली.

"काय देऊ?" त्याने विचारलं.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. "तू सांग गं."

"तिला मग विचारते," तो म्हणाला. "आधी तुम्ही सांगा. तुम्हाला काय पाहिजे?"

मला अजून आठवतं, तिचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. तो थांबून राहिला. पदार्थांची नावं घडाघडा म्हणून दाखवली नाहीत, दुसऱ्या टेबलाकडे वळला नाही. एका गिऱ्हाइकाने त्याला हाक मारली तेव्हा त्याने नुसता हात वर केला, आलोच म्हणून.

"मऊ असेल ते," आत्या म्हणाली. "कांदा नको."

"मग इडली. सांबारात कांदा आहे, ते नाही आणत. चटणी आणते, ओल्या नारळाची. बरं?"

"बरं."

त्याने केळीच्या पानाच्या तुकड्यावर इडल्या आणल्या. आत्याने पहिला घास घेतला आणि एकदम पदर तोंडाशी धरला. मला वाटलं, ठसका लागला. तो चटणीचं भांडं घेऊन आला, तिच्या पानात वाढली आणि म्हणाला, "आणखी वाढू, अम्मा?" ती नुसती मान हलवत होती, हो म्हणून की नको म्हणून कळत नव्हतं. त्याने अजून थोडी वाढली आणि बाजूला झाला. नंतर आम्ही हाक मारेपर्यंत तो टेबलाजवळ आला नाही.

घरी येताना बसमध्ये तिने माझा दंड धरला नाही. म्हणाली, "किती वर्षांनी कोणी वाढलं गं मला. आई गेल्यापासून नाही."

घरचे परत आल्यावरही आम्ही जात राहिलो. चेंबूरला कीर्तन असतं म्हणून सांगायचं आणि निघायचं. तो माणूस आम्हाला लांबून पाहूनच खिडकीचं टेबल पुसायला घ्यायचा. ठरलेलं आणून ठेवायचं असं त्याने कधी केलं नाही, दर वेळी नव्याने विचारायचा. आणि आत्याही आता पटकन सांगायची. "आज उपमा द्या. मिरची बेताने." एकदा तिने शिरा परत पाठवला, गोड कमी म्हणून. मी हबकलेच. तो मात्र खूश झाला. "बरोबर बोलली अम्मा," म्हणाला आणि दुसरा घेऊन आला.

श्रावणातल्या एका रविवारची गोष्ट. पुरुषांची जेवणं झाली होती, आई आणि मी बसलो होतो. आत्याने स्वतःचं ताट आणलं, आमच्या शेजारी मांडलं आणि पाट घेऊन बसली. आईला म्हणाली, "आज मला तू वाढ गं."

आईचा घास हातातच राहिला. बाहेरच्या खोलीत वडिलांच्या वर्तमानपत्राची सळसळ थांबली. मग आई उठली, हात धुतले, आणि आत्याच्या पानात भात वाढला, वरण, वर तूप. मग तिने पाहुण्यांना विचारावं तसं विचारलं, "आणखी थोडा भात?"

"वाढ," आत्या म्हणाली. "आणि अळूचं फतफतंही. ते मला फार आवडतं."

ते तीच करायची, इतकी वर्षं. तिला आवडतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी आई मला गच्चीवर घेऊन गेली. "इतकी वर्षं एका घरात राहतो, माझ्या कसं लक्षात आलं नाही?" म्हणाली आणि डोळे पुसले. मग म्हणाली, "ते कीर्तन कुठे असतं ते मी विचारणार नाही. तूही सांगू नकोस." त्या दिवसापासून आमच्याकडे आत्या शेवटी जेवली नाही.

पुढच्या वर्षी एकदा आम्ही चेंबूरला गेलो तर खिडकीच्या टेबलावर दुसरंच कोणी बसलेलं. नवा वेटर आला. आमच्यापुढे पाण्याचे पेले आदळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, "म्हातारीला काय?" आत्याने त्या उंच माणसाची चौकशी केली. तो गावी गेला होता, शेती बघायला. परत येणार का, ते मालकाला माहीत नव्हतं. तिने इडली मागवली. इडली तशीच मऊ होती, चटणीही तीच. तिने एक खाल्ली आणि बाकीच्या माझ्याकडे सरकवल्या. निघताना मालकाला म्हणाली, "त्यांचं पत्र आलं तर म्हणावं, अम्मा येऊन गेली." मालकाने मान डोलावली. परत काही आम्ही तिकडे गेलो नाही.

माझं लग्न होऊन मी अंधेरीला आले. आत्या त्यानंतर थोडी वर्षं होती. आता हॉटेलांत सगळं नीटनेटकं असतं. वेटर झुकून बोलतात, नॅपकिन घडी घालून ठेवतात. नावं ठेवायला जागा नाही. तरी मी कधी कधी खाता खाता थांबते. समोर कोणी आलवणातलं बसलेलं नसतं.

तिचा फोटो आमच्याकडे नाही. तिचा कोणी काढलाच नाही, लग्नाच्या फोटोंतून तर ती कायम बाहेर. तिला डोळ्यांसमोर आणायचं म्हटलं की मला स्वयंपाकघर आठवत नाही. खिडकीतल्या वाऱ्याने तिचा पदर डोक्यावरून थोडा मागे सरकलेला आहे, तिने तो ओढून घेतलेला नाही. बोटाला लागलेली चटणी ती चाटते आहे आणि रस्त्यावरच्या माणसांकडे, कोणालाही न भिता, बघते आहे.