भाजी माझी, चूल त्यांची

"तो गंज खाली ठेव अन् बाजूले हो."

शाळेच्या समितीच्या अध्यक्षांची बायको स्वयंपाकखोलीच्या दारात उभी होती. मागं पोरांच्या आया. मी वरणाचा गंज नुकताच गॅसवरून उतरवला होता. तुरीचं वरण, पालक घातलेलं. शाळेत शिजवायचा माझा पहिला दिवस. वऱ्हांड्यात पोरं ताटं घेऊन बसलेली. त्यांत माझी दुसरीतली पोरगी.

"काय झालं काकू?"

"तुले मालूम नाई? तुह्या हातचं चारशीन काय आमच्या पोराइले?"

तिनं दोन गडी आणले होते. त्यांनी फडक्यानं धरून गंज उचलला आणि शाळेमागच्या नालीत पालथा केला. मग भात. नालीतून वाफ निघाली. पोरं पाहत होती. मास्तर पाहत होते. माझी पोरगी रिकामं ताट उराशी धरून बसली होती. कुत्री आली. त्यांना माझ्या हातचं चाललं.

आम्ही बौद्ध. आर्वी तालुक्यातल्या लहानशा गावात, गावाच्या टोकाला आमचा पुरा. आम्ही आमचं नाव बदललं, गाव अजून जातीचं जुनंच नाव घेतं. माझी नेमणूक रीतसर झाली होती. ज्या बाईचं पोर शाळेत आहे, जिला गरज आहे, तिला काम द्यायचं, म्हणून मला घेतलं. गरज होती. माझा नवरा जिनिंगमध्ये कामाला होता. वर्षानुवर्षं कापसाची बारीक धूळ छातीत गेली. आता खाटेवरून संडासापर्यंत गेला तरी धापा टाकतो.

मुख्याध्यापक वाईट माणूस नव्हते. त्याचाच त्रास होता. वाईट माणसाला शिवी तरी देता येते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "बाई, गावाशी वैर घेऊन शाळा चालत नाही. तुम्ही भांडी घासा, मागची परसबाग पहा. शिजवायला शोभाताई येतील. नोकरी तुमची जात नाही ना?"

मी हो म्हणाले. घरी जाऊन नवऱ्याला काय सांगितलं असतं?

शोभाताई अध्यक्षांच्या नात्यातली. ती शिजवायची, मी भांडी घासायची. खरकटी भांडी माझ्या हातानं चालत. शाळेमागं मुरमाड जागा होती. मी ती खणली, शेणखत आणून टाकलं. पालक, मेथी, चवळी लावली. कुंपणाला दुधीचा वेल चढवला. कोपऱ्यात शेवगा. पोरांच्या ताटात रोज हिरवी भाजी पडू लागली. मी भाजी खुडून पायरीवर ठेवायची. शोभाताई ती माझ्यासमोर पाण्यातून काढायची, पुन्हा काढायची. मग चिरायची. माझ्या हातानं उगवलेलं चालत होतं. शिजलं की मी लांब. गंजावरचं झाकण उघडं असलं तर मी उंबऱ्याच्या अलीकडंच थांबायचं.

एक दिवस पोरगी घरी येऊन म्हणाली, "माय, शोभाकाकू मले वरतून काऊन वाढते? भाजी फ्राकवर उडते."

फ्रॉक धुवायला घेतला. हळदीचा डाग निघत नव्हता. घासत राहिले. बोटं सोलली तरी घासत राहिले. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, विहीर जवळच आहे. मग खाटेवरचा खोकला ऐकू आला आणि मी उठले, चहा मांडला.

पुढं वर्ध्याहून एक मॅडम शाळेचा आहार आणि परसबाग पाहायला येणार होत्या. शाळा रंगवली. अध्यक्षांच्या बायकोनं नवीन एप्रन बांधला. मला म्हणाली, "तू तिकडं संडासाच्या मागं थांबजो. गाडी गेल्यावर येजो."

मी गेले. आजही हे लिहिताना हात थांबतो. मी गेले. लघवीच्या वासात, भिंतीला पाठ लावून उभी राहिले. भिंतीच्या पलीकडं माझी बाग. सगळं ऐकू येत होतं.

"वा! इतकी सुंदर परसबाग कोणी केली?"

"आम्हीच केली जी, बायाइनं मिळून."

मग माझ्या पोरीचा आवाज. "नाई! माह्या मायनं लावली!"

"चूप! खाली बस!" एक मास्तर ओरडले. पाठोपाठ चापटीचा आवाज आला.

मी भिंतीमागून निघाले. सगळ्यांसमोर मॅडमपुढं जाऊन उभी राहिले.

"तुम्ही कोण?"

"मी इथली स्वयंपाकीण. मले शिजवाले नेमलं. पण चुलीपाशी येऊ देत नाई. जातीपायी. आज संडासामागं उभं केलतं. तिथूनच आली."

मॅडमनी मुख्याध्यापकांकडं पाहिलं, मग हातातल्या मोबाइलकडं. म्हणाल्या, "हे तुम्ही गावात बसून मिटवा." गाडी निघून गेली.

संध्याकाळी अध्यक्ष स्वतः पुऱ्यात आले. आमच्या अंगणात पाय न ठेवता रस्त्यावरूनच बोलले. "गावाची इज्जत घालवली तू. उद्यापासून येऊ नोको."

नवरा खाटेवरून म्हणाला, "जाऊ दे व. आपण कोणाकोणाशी लढावं?"

त्याचं चुकलं नव्हतं. त्याला श्वास पुरत नव्हता. मला पुरत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आर्वीला गेले. पोलिसांत तक्रार दिली. नावं घेऊन दिली. तिथून थेट शाळेत आले आणि मुख्याध्यापकांपुढं हात केला. "स्वयंपाकखोलीची किल्ली द्या. नाई देत तर तसं लिहून द्या." त्यांनी किल्ली टेबलावर सरकवली. मान वर केली नाही. शोभाताई आली नव्हती. मी गॅस पेटवला.

त्या दिवशी आमच्या पुऱ्यातली पोरं तेवढी जेवली. बाकीची घरचे डबे घेऊन पाठमोरी बसली. आता रोज तसंच चालतं. किराणा दुकानदार सामान देत नाही, आठवडी बाजारातून आणते. बागेत कोणीतरी शेळ्या सोडल्या, मेथीचा वाफा गेला. शेतात मजुरीला कोणी बोलवत नाही. पोरीशी वर्गात कोणी बोलत नाही. ती सुकत चालली आहे, मला दिसतं.

परवा अध्यक्षांनी निरोप धाडला. तक्रार मागं घे, नवऱ्याले गोदामावर बसून करायचं काम देतो. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. त्या डोळ्यांत काय होतं ते मी सांगणार नाही.

निरोप घेऊन आलेल्याला मी सांगितलं, "त्याइले सांगजो, तक्रार मागं घेत नाई. शाळाही सोडत नाई. काढाचं असन तर सगळ्यासमोर जात सांगून काढा."

तो गेला. मी तांदूळ निवडायला बसले. उद्याही पटावरच्या सगळ्या पोरांचं शिजवणार आहे. जे पाठ फिरवून बसतात, त्यांचंही. उरलं तर उरलं. शिजवणारी मीच राहीन.