परीक्षानळ्या धुताना

गणपतीच्या आधी मागितलेला हा लेख दिवाळी उलटली तरी मी दिला नव्हता, हे आधीच कबूल करते. विजापूरला लग्नाचं शूटिंग होतं, मग तिथूनच पुढे हुबळीला गेले, मग मोबाइल पाण्यात पडला. पण ही सगळी सांगायची कारणं. खरं कारण असं की लेखात राग दिसू नये, अशी या गौरवग्रंथाचे संपादक देशमाने सर यांची अट होती, आणि राग वगळला तर माझ्याकडे लिहायला फार थोडं उरतं. आज शाळेच्या फाटकात मी सरांना सापडले. त्यांनी मला शिक्षकांच्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, "लेख दिल्याशिवाय उठायचं नाही. आणि गोड लिही." बसले आहे. गोड होईल असं वाटत नाही.

आदरणीय बिराजदार बाई या वर्षी साठ वर्षांच्या झाल्या. त्यांची माझी पहिली ओळख नववीतली. रसायनशास्त्राचा तास, एप्रिल महिना, आणि माझं लक्ष खिडकीबाहेर. बाईंनी विचारलं, "काय दिसतंय गं बाहेर?" मी खरं ते सांगितलं, "बाई, डांबर वितळतंय. एका माणसाची चप्पल चिकटलीय." वर्ग हसला. मला वाटलं, आता बाहेर उभं करणार. बाहेर काढलंच, पण अख्ख्या वर्गाला. रस्त्याकडेला उभं राहून आम्ही डांबर बघितलं आणि बाईंनी विचारलं, "मीठ का नाही असं मऊ पडत? पुस्तकात बघायचं नाही. बोला." आम्ही वाट्टेल ते बोललो. एकालाही त्या चूक म्हणाल्या नाहीत. "आणखी?" एवढंच म्हणत राहिल्या. चप्पलवाला माणूससुद्धा थांबून ऐकत होता.

अकरावीत मी शाळा सोडली तेव्हा बाई आमच्या घरी आल्या. वडील चिडलेले होते. "ही पोरगी एका जागी बसतच न्हाई बाई, काय करू?" बाई म्हणाल्या, "बसवू नका. जाईल तिथून मला फोन करायला सांगा, म्हणजे झालं." तेव्हापासून मी जिथे जाते तिथून बाईंना फोन करते. त्या कशी आहेस विचारत नाहीत. विचारतात, "तिथलं पाणी कसं आहे? साबणाला फेस येतो का?" मग मला दुसऱ्या गावात पोचल्यावर आधी हात धुवावे लागतात. माझ्याएवढी ढिली विद्यार्थिनी त्यांना मिळाली नसेल, तरी कुठल्या गावाचं पाणी जड आणि कुठलं हलकं हे मी झोपेतही सांगेन.

आता मुद्द्यावर येते.

बाईंच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षी संस्थेनं दहावीचं रसायनशास्त्र अर्धं मोबाइलवर आणि अर्धं प्रयोगशाळेत शिकवायचं ठरवलं. घरी व्हिडिओ बघायचा, शाळेत येऊन प्रयोग करायचा. काही जण म्हणतात बाईंचा नव्या गोष्टींना विरोध होता. हे धादांत खोटं आहे. ते व्हिडिओ मी काढले आहेत, माझ्या मोबाइलवर, बाईंच्या हातांवर रोखून. एकेका प्रयोगासाठी त्या पाच-पाच वेळा तयार व्हायच्या आणि मीच कंटाळायचे.

सत्र संपल्यावर मुलांचे अभिप्राय मागवले गेले. मोबाइलवरच भरायचे, तारे द्यायचे आणि चार ओळी लिहायच्या. सगळ्यांनी पाच तारे दिले. सगळ्यांनी लिहिलं, 'अ‍ॅनिमेशन आकर्षक व उद्बोधक आहे.' आमच्या एकाही व्हिडिओत अ‍ॅनिमेशन नव्हतं!

मी वर्गात शूटिंगला असतानाच बाईंनी विचारलं, "कुठलं अ‍ॅनिमेशन रे?"

मागच्या बाकावरचा एक जण उठला. "बाई, पहिल्या नंबरवालीनं तेच लिवलंय की. सगळ्यांनी बघून लिवलं."

"अरे, तुझं मत विचारलं होतं. ते तिचं बघून कसं लिहिलंस?"

"चुकलं असतं तर, बाई?"

बाई खुर्चीवर बसल्या. मी त्यांना तासाला बसलेलं त्याआधी पाहिलं नव्हतं. मुलांवर त्या रागावल्या नाहीत. मला मात्र आजही त्या 'चुकलं असतं तर'चा संताप येतो. स्वतःला काय वाटलं हेही चुकू शकतं, असं या पोरांना कुणी शिकवलं? आपणच. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आधीच कुणाकडे तरी तयार असतं आणि ते फक्त उतरवायचं असतं, हे दहा वर्षं आपण त्यांच्या डोक्यात घातलं आणि मग विचारतो, मोकळेपणानं सांगा!

बाईंनी पुन्हा विचारलं, पण त्यांच्या पद्धतीनं. प्रयोग संपला की ज्याची त्यानं परीक्षानळी धुवायची, हा त्यांचा जुना नियम. मुलं नळाशी पाठमोरी उभी, बाई बाजूला फडक्यानं नळ्या पुसत. तोंडाकडे बघायचं नाही. विचारायचं, "व्हिडिओत काय कळलं नाही, एक सांग." हात ओले असले की माणूस खोटं बोलायला आळस करतो, असं त्या म्हणतात.

मंद्रूपहून येणारी भाग्यश्री म्हणाली, "बाई, व्हिडिओत वास येत न्हाई. तुमी म्हणता सडक्या अंड्यासारखा वास. आमच्या घरात अंडंच येत न्हाई, मला कुटनं कळणार?" सगळे हसले, बाईही हसल्या. यंत्रमागाच्या घरातली एक मुलगी म्हणाली, "मागाच्या आवाजात तुमचं बोलणं ऐकूच येत नाही बाई. नुसते हात बघते. पण हात बघून जमलं की!" तिसरा म्हणाला, "मोबाइल पप्पांचा हाय. पप्पा येतात तवा चार्जिंग संपल्यालं."

एवढं ऐकून बाईंनी दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. प्रत्येक पायरी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून, ती दाखवून आम्ही सगळे व्हिडिओ नव्यानं काढले. वासाचे प्रयोग व्हिडिओतून काढून टाकले आणि प्रयोगशाळेत वाढवले. अभिप्राय घेणं म्हणजे हे! तारे मोजणं नव्हे.

संस्थेच्या बैठकीत बाईंनी हे सगळं सांगितलं. मी व्हिडिओ दाखवायला दाराशी उभी होते. कार्यवाह साहेब म्हणाले, "बाई, लेखी अभिप्राय उत्तम आहेत. नळावरच्या गप्पांना पुरावा काय? तुम्हीच कशाला कमीपणा घेता?" बाई म्हणाल्या, "साहेब, सगळे उत्तम म्हणाले म्हणूनच मी घाबरले." कार्यवाहांनी पुढचा विषय घेतला. बाई निवृत्त झाल्या आणि पुढच्याच सत्रात, व्हिडिओ एवढे उत्तम आहेत तर प्रयोगशाळा कशाला, म्हणून तिला कुलूप लागलं. ते आजही आहे. ज्या मुलीला वास कळत नव्हता तिच्या धाकट्या बहिणीला आता नळीही हातात मिळत नाही. आणि हे कुणाच्या नावावर? मुलांच्याच मताच्या! याहून मोठी थट्टा मला माहीत नाही.

आता तीच संस्था शाल, श्रीफळ आणि हा ग्रंथ घेऊन उभी आहे. बाईंनी निरोप दिला, "शाल नको. प्रयोगशाळेचं कुलूप काढा, मी न बोलावता येते." पत्रिका तरीही छापल्या. देशमाने सर मघाशी माझी लिहिलेली पानं वाचून म्हणाले, "हा निरोप वगळ गं. बाकी ठेवू." मी म्हटलं, "सर, मग बाकी सगळं पाच ताऱ्यांचंच राहतं." सरांनी पानं उचलली आणि ते कार्यालयाकडे गेले. चिडले असावेत. कार्यवाहांना फोनवर वाचून दाखवत असतील तर दाखवोत.

म्हणून शेवट एकटीच करते. बाईंना खूप आयुष्य मिळो. गुडघे कुरकुरले तरी नळाशी उभं राहण्याइतकी ताकद त्यांच्यात राहो, नाक असंच तीक्ष्ण राहो, आणि मी कुठल्याही गावातून फोन केला तरी पलीकडून पाण्याची चौकशी येत राहो. प्रयोगशाळेचं दार उघडेपर्यंत बाईंचा हट्ट एक इंचही कमी न होवो, हीच…

थांबा. प्रयोगशाळा सांभाळणारे शब्बीरचाचा दारात आले आहेत, धापा टाकत.

"बेटा, कार्यवाह साहेब आलेत! फोन झाला आणि गाडी घेऊन थेट आलेत. ऑफिसात न्हाई, लॅबच्या दारात उभे हायत. देशमाने सरांकडनं तुझी पानं मागून घेतलीत. मला विचारतात, हितल्या नळाला पाणी येतं का? मी म्हटलं, साहेब, आज पाण्याचाच दिवस हाय. किल्ली आणा म्हणाले."