एक खरी सवय

जळगावात भेटवस्तूंचं एक भन्नाट दुकान आहे. केळीच्या धाग्याचे दिवे, जुन्या लुगड्यांच्या पिशव्या आणि मध्ये दहा बोटांत दहा अंगठ्या घालून बसलेल्या मालकीणबाई. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. त्यांचा नियम मात्र गावभर ठाऊक आहे. ज्याला वस्तू द्यायची त्याची एक तरी खरी सवय सांगायची, नाहीतर विक्री नाही.

बायकोच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी मी तिथे जाऊन एक दिवा उचलला. मी रंगात येऊन म्हणालो, "तिला चांदणं आवडतं, मोगरा आवडतो!"

चहा पीत बसलेली नेहमीची गिऱ्हाइकं खो खो हसली.

"हाई ते बठ्ठासन्या बायकासले आवडस, भाऊ," बाई अहिराणीत म्हणाल्या, म्हणजे हे तर सगळ्यांच्याच बायकांना आवडतं, आणि माझ्या हातातला दिवा त्यांनी काढून घेतला. "घर जा. तिनाकडे देखा."

"अशानं दुकान चालेल का?"

"नही चालनं ते बंद करसू. पन नियम हाऊच ऱ्हाई."

रिकाम्या हातांनी घरी आलो आणि तोंड मिटून स्वयंपाकघरात बसलो. भाकरी थापता थापता बायको सवयीनं गुणगुणत होती; मी ते पहिल्यांदाच ऐकलं. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि त्या घरात आजवर फक्त मीच बोलत आलो होतो.